इंजिनानं पाणी घेतलं

गावच्या जमीनदार तात्यासाहेबांच्या जीपचं इंजिन दुसऱ्या महायुद्धातलं, अमेरिकन. टप बदलला, स्प्रिंगचे पाटे बदलले, इंजिनाचं वरचं हेडसुद्धा नव्या धर्तीचं आलं. खालचा ठोकळा मात्र तोच. औरंगाबादच्या क्रांती चौकातला मिस्त्री म्हणायचा, "पुंजाराम, तू मरशील, पण हे नाय मरायचं." ते ऐकून ड्रायव्हर पुंजारामची छाती फुगायची, जणू इंजिन यानंच घडवलं.

नामांतराच्या दंगलीत याच जीपमधून रॉकेलचे डबे गावाबाहेरच्या दलित वस्तीवर गेले. "म्या निस्ती गाडी हाकली," असं पुंजाराम सांगायचा. वा रे गडी. वस्ती जळाली, माणसं जीव घेऊन शहरात पळाली, मिळेल त्या कारखान्यात राबू लागली. म्हातारी द्वारकाबाई तेवढी घरातून बाहेर आलीच नाही.

पुढच्या वैशाखात पुंजारामची लेक गंगू बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. तात्यासाहेबांनी जीप दिली. गंगूचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई दगडाबाई मागं बसली, आणि भर दुपारी गाडी औरंगाबादच्या दवाखान्याकडे सुटली.

जळक्या वस्तीपाशी इंजिन तापलं. कधी नव्हे ते. रेडिएटरमधून वाफा निघाल्या आणि गाडी बंद पडली. डबा होता, पण घाईत पाणी भरायचं राहिलं होतं.

"पाणी द्या वो," गंगू म्हणाली.

वस्तीचा आड समोरच होता. पुंजारामनं वाकून पाहिलं, पाणी होतं. पण त्या आडाला त्याच्या घरातलं कुणी कधी शिवलं नव्हतं. लेक मरणाच्या दारात, अन् याला विटाळ आठवला. डबा घेऊन तो लांबच्या मळ्याकडे पळाला.

परत आला तर इंजिन सुरू. एका लयीत. झाकणाला हात लावला, गार. रेडिएटर काठोकाठ भरलेला.

"कुणी भरलं?"

दगडाबाईनं मान वर केली नाही. "एक म्हातारी आली व्हती घागर घिऊन. गंगूला पाजाया लागली. म्या म्हणलं, नगं, विटाळ व्हईल. मंग तिनं गाडीला पाजलं."

"इथं कोण ऱ्हातंय आता?"

"तिच्या लुगड्याला लई धुराचा वास व्हता."

 पुंजारामनं घाईनं डबा लेकीच्या तोंडाशी धरला. पाणी गालावरून ओघळून गेलं.

गंगू गेली होती.

दगडाबाई रडली नाही. खाली उतरली, द्वारकाबाईच्या काळ्या पडलेल्या उंबऱ्यासमोर वाकली. वस्तीतल्या बाया गावात पाणी मागताना धरायच्या, तशी तिनं ओंजळ धरली.

"द्वारकाबाय, पाज माझ्या लेकीला. आता पाज."

पुंजारामनं चावी काढून घेतली. इंजिन चालूच राहिलं.

त्यानं दगडाबाईकडे पाहिलं. तिच्या ओंजळीत वरून पाणी पडत होतं, बोटांतून खाली सांडत होतं. घागर धरलेलं कुणी नव्हतं.