आपाला सांगायचं नाही

चुलीत आणखी एक लाकूड टाक, तालास. आणि तो फोन खाली ठेव. फोनकडे बघत बसल्यानं तुझ्या बापाची फुप्फुसं साफ होणार नाहीत. उद्या दुपारी एकपर्यंत ते डॉक्टर तोंड उघडत नाहीत, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मघाशी तुम्ही तिघं भाऊ काय कुजबुजत होतात तेही मी ऐकलं. आजीला सांगायचं नाही, असंच ना? बाबा राजधानीत कामाला गेलाय म्हणायचं. ठरवा बाबांनो, घर तुमचं, आजी तुमची. फक्त त्याआधी एक ऐका. भुताची गोष्ट म्हणा, नाहीतर म्हाताऱ्याची बडबड म्हणा. ज्याच्यावर ती गुदरली तो एसेन इथून चार घरं सोडून राहतो. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा.

दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर. सोळा तारीख, गुरुवार.

त्या सकाळी एसेन एका इंजेक्शनच्या शोधात हिंडत होता. त्याची धाकटी बहीण शाइर, आपल्या शाळेत गणित शिकवायची ती, खिंडीपलीकडच्या शहरातल्या इस्पितळात होती. नववा दिवस. साधा खोकला म्हणता म्हणता दोन्ही फुप्फुसं भरली. तिला औषधानं झोपवून ठेवलं होतं आणि श्वास यंत्र घेत होतं. नर्सनं दाराच्या फटीतून चिठ्ठी दिली, आणि एसेननं शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानात इंजेक्शन मिळालं. धापा टाकत परत आला तर नर्स म्हणते, "हे आता नको. डॉक्टरांनी बदललं." आणि हातात दुसरी चिठ्ठी.

रोजचं हेच. हातमोजे आणा, सुया आणा, चादरी आणा. सगळं आत जातं, माणूस तेवढा आत जात नाही. दुसऱ्या मजल्यावर लोखंडी दार. दाराशेजारी घंटीचं बटण. आणि बटणाखाली कागद चिकटवलेला: घंटी वाजवू नये. मी स्वतः पाहिलाय तो कागद. ज्यानं लिहिला त्याला शोधून चहा पाजावा आणि विचारावं, अरे, मग घंटी लावलीस कशाला?

दुपारी एकला डॉक्टर बाहेर यायचा. तरुण पोरगा, डोळे लाल, तोही बिचारा किती दिवस झोपला नव्हता कोण जाणे. म्हणायचा, "गंभीर, पण स्थिर." आणि आत. आठ दिवस तेच तीन शब्द. एसेन मला, गावातल्या थोरल्याला, सांगायचा, "आके, ते तीन शब्द ऐकायला मी चोवीस तास बसतो, आणि ऐकले की दाराला लाथ घालावीशी वाटते."

शाइरचा नवरा तोलोगोन भला माणूस, पण संकटात त्याचे हातपाय गळतात. तो जिन्यात बसून सिगारेटी ओढायचा आणि रडायचा. म्हणजे औषधं एसेननं आणायची, बहिणीच्या दोन्ही पोरांची शाळा एसेननं बघायची, आणि वर तोलोगोनचे डोळेही त्यानंच पुसायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे तर गावभर होते. एक फोन करून सांगतो, छातीला घोड्याची चरबी चोळा. अरे, लोखंडी दारातून चोळू का? दुसरी म्हणते, तुम्ही लोक डॉक्टरांशी नीट बोलतच नाही.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे घरचं खोटं. एसेनची आई, नुरजमाल. सगळं गाव तिला आपाच म्हणतं. शहात्तर वर्षांची, आदल्याच वर्षी छातीत कळ येऊन गेलेली. तिला सांगितलं होतं, की शाइर शाळेच्या कामानं राजधानीत प्रशिक्षणाला गेली आहे. आपली किर्गिझांची रीतच आहे ना ती. वाईट बातमी म्हाताऱ्या माणसाला सरळ सांगायची नाही. आधी लपवायची, मग चार मोठ्यांनी जाऊन, पाल्हाळ लावून, हळूहळू कानावर घालायची.

आपा रोज संध्याकाळी सातला एसेनला फोन करायची.

"शाइरला फोन दे."

"ती वर्गात आहे, आपा."

"रात्री सातला वर्ग?"

"नवीन नियम आहे."

"आणि आईशी बोलायला बंदी, हाही नवीन नियम? तुरुंगात गेलीय का प्रशिक्षणाला?"

एसेन हसायचा. फोन ठेवला की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. कारण एक गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. झोपेचं औषध देण्याआधी शाइरनं त्याची बाही धरली होती आणि म्हणाली होती, "बाइके, आपाला आण." दादाला मागितलेलं तेवढं एकच. आणि हा म्हणाला होता, "बरी हो, मग आणतो."

त्या गुरुवारी एक वाजता डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "गंभीर."

एसेन पुढच्या दोन शब्दांची वाट बघत राहिला. दार लागलं.

मग त्यानं फोन केला. कुणाला? मला. त्यांच्या घरात वडीलधारा पुरुष कुणी उरला नव्हता, त्यामुळे मान माझा. म्हणाला, "सुयुन-आके, मी आत्ता निघतो. आपाला घेऊन येतो. दार फोडून आत नेईन, पण नेईन."

आणि मी काय म्हटलं? ऐका, माझ्या तोंडूनच ऐका. मी म्हटलं, "वेडा झालास का? म्हातारी वाटेत गेली तर दोन खड्डे खणायचे? सकाळी आम्ही चौघं जाऊन तिला रीतीनं सांगतो, मग ने. एका रात्रीनं काय आभाळ कोसळतंय?"

तो म्हणाला, "बरं." ते "बरं" अजून माझ्या कानात आहे.

संध्याकाळी बर्फ सुरू झालं. नऊ वाजता खिंड बंद झाली. आता तो निघाला असता तरी पोचला नसता.

रात्री इस्पितळाचा रखवालदार सगळ्यांना बाहेर काढायचा, पण नऊ दिवसांत त्याला एसेनची दया आली होती. त्यानं दोघांना लोखंडी दारासमोर दोन खुर्च्यांवर बसू दिलं. तोलोगोन भिंतीला टेकून झोपला. एसेन जागा होता. निदान तो तसं म्हणतो. वर एकच दिवा होता. दारामागून यंत्राचा आवाज यायचा, हळू, एका लयीत.

दोन वाजून दहा मिनिटं.

घंटी वाजली.

एसेननं मान वर केली. बटण त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. तिथं कुणी नव्हतं. तोलोगोन झोपलेला. जिना रिकामा.

त्याला वाटलं, भास. नऊ रात्री झोप नाही, भास होणारच.

घंटी पुन्हा वाजली. यावेळी लांब. कुणीतरी बोट दाबून धरल्यासारखी.

आणि दार उघडलं.

आतून कुणी उघडलं नाही. नऊ दिवस जे दार त्याच्यासाठी चार बोटांपलीकडे उघडलं नव्हतं, ते सताड उघडलं. पलीकडे पांढरा, लांब बोळ. आणि बोळात, त्याच्याकडे पाठ करून, कुणीतरी चाललं होतं.

बुटकी. वाकलेली. पांढरा रुमाल. पायांत लोकरीच्या नमद्याचे बूट. खांद्यांवर बर्फ.

"आपा?"

ती वळली नाही. घाई नाही, थांबणं नाही. शेजारच्या घरी जावं तशी चालत होती. डावीकडच्या तिसऱ्या दाराशी थांबली. शाइर त्याच खोलीत आहे, हे एसेनलासुद्धा माहीत नव्हतं. त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"आपा...!"

लोखंडी दार लागलं.

मग त्यानं दार बडवलं. दोन्ही मुठींनी. नऊ दिवसांचा राग त्यात होता, सगळा, डॉक्टरवरचा, माझ्यावरचा, स्वतःवरचा. तोलोगोन दचकून उठला. दोन-तीन मिनिटांनी नर्स आली, डोळे चोळत.

"सव्वादोन वाजलेत! इथं माणसं मरायला टेकलीत आणि तुम्ही..."

"आत माझी आई गेलीय."

"काय?"

"म्हातारी. पांढरा रुमाल. आत्ता गेली."

नर्सनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला. "भाऊ, दार आतून बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. मी सगळ्या खोल्या बघून आले. कुणी नाही. तुम्ही थोडं झोपा."

एसेननं घरी फोन लावला. त्याची बायको जिपार आपाजवळ झोपत होती.

"आपा कुठंय?"

"कुठं म्हणजे? झोपलीय."

"जाऊन बघ."

"अहो, रात्रीचे..."

"जिपार. जाऊन बघ."

पावलं. दाराचा आवाज. मग अंथरुणाची सळसळ.

"आहे. अंथरुणातच आहे. पण..."

"पण काय?"

"...काही नाही. तिचे हात फार गार आहेत. बाहेरून आल्यासारखे."

"श्वास?"

"चाललाय. आता कूस बदलली तिनं. तुम्ही रडताय का? अहो..."

त्यानं फोन ठेवला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आला. एक वाजला नव्हता, तरी आला. तेव्हाच कळलं.

आता माझी पाळी. सकाळी आठला जिपारनं मला कळवलं, आणि आम्ही चौघं म्हातारे तोंडं धुऊन, टोप्या घालून आपाकडे निघालो. माझी जीभ सगळ्यांत चांगली, म्हणून सुरुवात मी करायची. वाटेत पाठ करत होतो. ससाण्याची उपमा द्यायची ठरवली होती, हातावरून उडून जाणाऱ्या.

आपा बाहेरचे कपडे घालून, भिंतीला टेकून बसली होती. चहा मांडलेला. चार पेले. आम्ही चौघं येणार हे तिला कुणी सांगितलं, ते मला विचारू नका. जिपार शपथेवर नाही म्हणते.

मी घसा साफ केला. "आपा, ससाणा पाळला की एक दिवस..."

"पुरे, सुयुन," ती म्हणाली. "पाखरांना मध्ये आणू नकोस. माझी पोर गेली."

आमच्यातल्या एकानं उचललेला पेला परत खाली ठेवला.

"मला भेटून गेली. म्हणजे मीच गेले होते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती रागात होती, पोरांनो. आयुष्यात कुणी माझ्याकडे तसं पाहिलं नाही. "नऊ दिवस पडून होती आणि तुम्ही मला प्रशिक्षण सांगता? माझं काळीज फुटेल म्हणून? फुटलं असतं तर माझं फुटलं असतं. तुमचं काय गेलं असतं?"

माझ्यापुढचा पेला तिनं स्वतःकडे ओढून घेतला.

"केसांचा नुसता गुंता केला होता मेल्यांनी," ती म्हणाली. आवाज आता बारीक झाला होता. "शेजारी बसले, बोटांनीच सोडवला. तिला वेण्या घालायला घेतल्या. लहानपणी घालायचे तशाच. एक झाली. दुसरी निम्मी झाली आणि कुणीतरी दार बडवायला लागलं. इतक्या जोरात... मी घाबरले. हातातून सुटली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. म्हातारीला धक्का बसलाय, असंच चौघांना वाटलं. एसेननं रात्री काय पाहिलं, काय केलं, यातलं तोवर आमच्या कानावर काही आलं नव्हतं.

खिंड दहाला उघडली. दुपारी दोनला शाइरला घेऊन गाडी आली. तोलोगोनच्या अंगणात मयतासाठी युर्त, आपला लोकरीचा गोल तंबू, उभा केला होता, बायका तिला अंघोळीसाठी आत घेऊन गेल्या. एसेन मला बाजूला घेऊन गेला आणि त्यानं रात्रीचं सगळं सांगितलं. घंटी, बोळ, तिसरं दार, मुठी. मी आपाचं बोलणं त्याला सांगायला नको होतं. पण एकदा एक गोष्ट लपवून पाहिली होती मी. सांगितलं.

तो मटकन बर्फात बसला. "म्हणजे तिथंही मीच आडवा आलो," म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, म्हातारीचं स्वप्न ते. शाइरच्या डोक्याला इस्पितळाची टोपी आहे नऊ दिवसांची. सुया लावायला वेळ नाही तिथल्या नर्सना, वेण्या कोण घालतंय?"

तेवढ्यात माझी बायको युर्तातून बाहेर आली. अंघोळ घालणाऱ्यांत तीही होती. तिचे हात ओले होते आणि ती तसेच पुढे धरून उभी राहिली.

"टोपी काढली आत्ता," ती म्हणाली. "उजवी वेणी टोकापर्यंत घातलेली आहे, घट्ट. डावी कानाच्या खाली निम्म्यावर सुटलीय."