माऊसचा बाण गेला!

“ऐकता का… जरा खाली येता? माऊसचा बाण गेला!”

लखनौला, विकास नगरच्या आमच्या जिन्यात उभी राहून मी हाक मारली, ती चक्क अनोळखी माणसाला. वरच्या खोलीत नवा भाडेकरू आला होता – हर्षवर्धन, साताऱ्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत. माझा प्रबंध लिनक्सवर अर्धा टाइप झालेला, आणि स्क्रीनवर बाणाऐवजी नुसता ठिपक्यांचा चौकोन.

तो आला. ओले केस, हातात अर्धा चहा. कंट्रोल, ऑल्ट, एफ वन दाबलं. स्क्रीन काळीकुट्ट!

“अरे यार, सब गया!”

“मराठीत घाबरा ना,” तो हसला. “काही गेलेलं नाही. हे मागचं अंगण. एफ सेव्हन दाबलं की परत दिवाणखान्यात.”

काळ्या काचेत आमचे दोन चेहरे दिसत होते. त्यानं बटण दाबलं… बाण परत!

मग रोजच बाण जायचा. स्क्रीन झोपून उठली की चौकोन. रोज माझी हाक, आणि एफ सेव्हन दाबायला रोज त्याला थोडा जास्त वेळ. मीही काचेतूनच त्याच्याकडे बघायचे. समोरून बघायला धीर कुठला!

“एवढं बिघडतंय तर दुकानात दे,” आई म्हणाली.

“नको!” मी जरा जास्तच घाईनं म्हणाले.

एक दिवस तो हाकेशिवाय खाली आला.

“पुण्यात नोकरी मिळतेय. उद्या चारबाग स्टेशनहून गाडी आहे. म्हटलं, जाण्याआधी हे कायमचं नीट करून द्यावं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची, बस.”

“एकच ओळ? कधीपासून माहीत होती?”

“पहिल्या दिवसापासून…” त्याचे कान लाल झाले.

आत्ता बोलले नाही तर उद्या गाडी सुटणार होती.

“मला दुसऱ्या दिवसापासून,” मी म्हणाले. “नेटवर वाचली होती.”

त्यानं हळूच एफ वन दाबलं. काळ्या काचेतून विचारलं, “मग… कोणी लिहायची?”

“कोणीच नाही. आणि तुम्ही जायचंही नाही.”

चारबागला आम्ही गेलो, पण तिकीट रद्द करायला.

आता लग्न होऊन आम्ही इथल्याच वृंदावन योजना वसाहतीत राहतो. तोच कॉम्प्युटर, तोच चौकोन. आमची चिमुकली अंतरा वायरींशी खेळते, म्हणून माझा एक डोळा कायम प्लगवर.

“अहो, गेला हो!”

तो स्वयंपाकघरातून येतो, हातात अर्धा चहा. अंतराला कडेवर घेऊन बटणं दाबतो. काळ्या काचेत आता तीन चेहरे दिसतात… आणि एफ सेव्हनची घाई कुणालाच नसते.