आज आलेली नाही

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रोहिणीताईनं माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं. पण लिहिणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असं मी आज सकाळपासून स्वतःला समजावतेय. मी ओटीवर बसलेय. आई अंगणात वाल पाखडतेय. ताई आत तापानं पडून आहे. या गोष्टीत मी तिला नुसतं रोहिणीच म्हणेन, कारण ताई असं लिहिलं की हात अडखळतो.

तर रोहिणी इथल्याच, भिसेगावातल्या शाळेत कॉम्प्युटर सांभाळते. शाळेचा सर्व्हर म्हणजे एक मोठं काळं यंत्र, आणि ते ठेवलंय कोठीत, खिचडीच्या तांदळाच्या गोण्या आणि गुंडाळलेले नकाशे यांच्यामध्ये. सगळ्या मुलींची नावं, गुण, पालकांचे फोन नंबर त्याच्या पोटात असतात. त्याला एकदा नीट सांगून ठेवलं की रोज ठरल्या वेळी ठरलेलं काम तो आपलं आपण करतो. अशा लावून ठेवलेल्या कामाला जॉब म्हणतात. शाळेचा एकच जॉब महत्त्वाचा होता. हजेरीत जिच्या नावापुढे फुली पडेल तिच्या घरी सवा अकराला मेसेज जायचा, "आपली मुलगी अमुक आज आलेली नाही." पूर्वी वर्गाच्या बाई स्वतः फोन करायच्या. मेसेज सुरू झाल्यावर ते बंद झालं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत सर्व्हर बदलला. नव्या यंत्रावर सगळं आलं, फक्त तो जॉब काही तयार होईना. नाव लिहिलं, वेळ दिली, बटण दाबलं की लाल अक्षरांत एकच ओळ यायची, "जॉब तयार करता आला नाही. या नावाचा जॉब आधीपासून आहे." आणि जॉबची यादी उघडावी तर ती कोरी. रोहिणीनं दोन दिवस डोकं फोडलं. सोमवारी शाळा उघडायची होती आणि रविवारी संध्याकाळी ऑफिसातले दशरथभाऊ कुलूप घेऊन कोठीच्या दारात उभे राहिले.

"काय गं, झालं का तुझं? का तुझ्या मशीनला अजून मोदक पायजेत?"

रोहिणीला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. 'मला जमत नाही' असं तिच्या तोंडून निघेना. उद्या सकाळी बघू, एका दिवसात असं काय होणार आहे, असा विचार करून ती म्हणाली, "झालं."

एवढा एकच शब्द.

आता पारूचं सांगते. पारू माझ्या बाकावर बसायची. हजेरीत तिचा नंबर सतरा. डोंगरातल्या ठाकरांच्या वाडीवरून ती तासभर पायवाट उतरून रस्त्याला यायची आणि तिथून टमटमनं शाळेत. वर्गात माझ्यापेक्षा कमी बोलणारी ती एकटीच होती, म्हणून आमचं जमायचं. तिची एक सवय होती. कुणाच्या घरी गेली तर ती फाटकातून आत शिरायची नाही आणि हाकही मारायची नाही. कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत नुसती उभी राहायची. एकदा माझी वही न्यायला आली तेव्हा अर्धा तास उन्हात उभी होती. आई शेतावर गेलेली, मी मागे न्हाणीत. शेवटी रोहिणीनं तिला खिडकीतून पाहिलं आणि हाताला धरून आत आणलं. "अगं, हाक मारायची ना!" ती म्हणाली. पारू नुसती हसली.

त्या सोमवारी बाईंनी सतरा म्हटलं तेव्हा माझ्या शेजारून कुणी 'हजर' म्हणालं नाही. बाईंनी फुली मारली. "जाईल मेसेज घरी," म्हणाल्या आणि अठरा नंबर घेतला.

मेसेज गेला नाही. सकाळी आल्याआल्याच रोहिणीला मैदानावर फोटो काढायला लावलं होतं आणि जॉबचं राहूनच गेलं होतं. पारूची आई अंबाबाई डोंगराखालच्या एका फार्महाऊसवर बागेचं काम करायची. तिथे रेंज होती आणि फोन तिच्या कनवटीलाच असायचा. पोर शाळेत आहे अशा समजात ती दिवसभर वाफे खुरपत राहिली. इकडे साडेआठलाच पायवाटेवरच्या उंच गवतात पारूला घोणस चावली होती. संध्याकाळी तिच्या वडिलांना, पोशाला, ती सापडली. वाटेकडेच्या ऐनाच्या झाडाला टेकून बसलेली, दप्तर मांडीवर नीट ठेवलेलं. तिथून हाक मारली असती तर खाली बागेत ऐकू गेली असती, असं लोक म्हणाले. पण पारू हाक मारणाऱ्यातली नव्हती. कुणाचं तरी लक्ष जाईल म्हणून ती बसून राहिली असणार. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी बाराच्या आत आणली असती तर वाचली असती.



त्यानंतर शाळेत मेसेजचं कुणी नाव काढलं नाही. बाई पुन्हा फोन करू लागल्या. त्या दिवशी रेंज नसेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं आणि रोहिणीनं ते धरू दिलं. जॉब मुळात तयारच झाला नव्हता, हे फक्त तिलाच माहीत होतं. ती नीट जेवेनाशी झाली. कोठीत काम नसलं की ती तिथे पाऊलही टाकायची नाही.

जानेवारीत एका दुपारी पोशा शाळेत आला. मागोमाग अंबाबाई आली आणि ऑफिसच्या पायरीवरच बसली. दशरथभाऊंनी रोहिणीला बोलावून घेतलं.

"ताई, ह्यो मेसेज बंद करा," पोशा म्हणाला. त्यानं अंबाबाईचा रबर लावलेला बटणांचा फोन पुढे केला.

रोहिणीनं पाहिलं. "आपली मुलगी पारू आज आलेली नाही." वेळ सवा अकरा. त्याखाली कालचा, त्याखाली परवाचा. रविवारचासुद्धा.

"कधीपासून येतोय?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. म्हनलं, होईल आपोआप बंद. चार महिने झाले. वाजला की ही हातातलं खुरपं टाकून त्या वाटंला लागते. मालक किती दिस ऐकून घेल? आता तर इटांच्या भट्टीवर जायचं हाय आमाला, खोपोलीच्या पल्याड. तिथनं काय रोज पलत येनार हाय?"

"मला वाचता येत नाय," अंबाबाई पायरीवरून म्हणाली. "पन वाजला का समजतं."

"काय समजतं?" रोहिणीनं विचारलं.

"बोलावते ती."

"ऐका हिचं," पोशा म्हणाला. "येडी झाली."

"येडी तर येडी. तुला कोन बोलवतंय?" अंबाबाईनं त्याला फटकारलं. मग रोहिणीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि अगदी हळू आवाजात बोलली, "बंद नको करू गं बाय. मी जाते, ऐनाखाली बसते. कोन नसतं तिथं. पन जरा वेळ गेला का बाजूचं गवत... दबतं. जसं कोन टेकून बसलं. मंग मला उठवत नाय..."

रोहिणीच्या ओठांवर सगळं आलं होतं. त्या दिवशी मी खोटं बोलले, मेसेज गेलाच नव्हता, रेंजचा काही दोष नव्हता. अंबाबाईचा हात मातीनं खरखरीत झालेला होता आणि अजून तिच्या हातावरच होता. रोहिणीनं तो सोडवून घेतला.

"बघते," ती म्हणाली.

कोठीत दुपारचं पिवळं ऊन गजांतून गोण्यांवर पडलं होतं. तांदळाचा आणि पोत्यांचा कोंदट वास होता, आणि सर्व्हरचा पंखा एका लयीत घुमत होता. रोहिणी कामाला बसली. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि पुन्हा करून बघायचं, ही तिची पद्धत. जॉब चालवणारी यंत्रणा चालू होती. तिला लागणारी परवानगी होती. जागा भरपूर होती. घड्याळ बरोबर होतं. जॉबची यादी उघडली तर ती सप्टेंबरातल्यासारखीच कोरी. या यंत्रावरून आजवर एकही मेसेज गेल्याची नोंद नव्हती.

मग तिनं नवा जॉब करून पाहिला. 'हजेरी' असं नाव दिलं.

या नावाचा जॉब आधीपासून आहे.

'हजेरी दोन'. आहे. 'गैरहजर मुली'. आहे. प्रत्येक वेळी पंख्याचा आवाज किंचित चढायचा आणि पुन्हा उतरायचा, कुणी दम लागल्यावर श्वास घ्यावा तसा. शेवटी तिनं कीबोर्डवर कशीही बोटं आपटली आणि अर्थ नसलेलं काहीतरी नाव तयार झालं. तेही आधीपासून होतं.

तेवढ्यात पोत्यांचा वास मागे हटला आणि कोठीत गवताचा वास आला. ओल्या, तुडवलेल्या, भाद्रपदातल्या गवताचा. बाहेर मैदानात तर फुफाटा उडत होता.

तिनं बोटं उचलली.  मग सावकाश, एकेक अक्षर करून, 'पारू' असं लिहिलं.

या वेळी लाल ओळ आली नाही. जॉब उघडला.

तयार करणाऱ्याचं नाव: रोहिणी. तयार केल्याचा दिवस: तो सोमवार. वेळ: सवा अकरा. त्या वेळी रोहिणी मैदानावर पाचवीच्या मुलींचे ओळखपत्रासाठी फोटो काढत होती. अर्धी शाळा त्याला साक्षीदार आहे. पुढची वेळ: उद्या, सवा अकरा. आणि सगळ्यात खाली, जॉब कशासाठी आहे ते लिहायच्या रकान्यात, एकच शब्द होता.

झालं.

रोहिणीनं तो जॉब पुसून टाकला.  सर्व्हरचा पंखा क्षणभर थांबला आणि परत लागला. मग तिनं 'हजेरी' नावानं नवा जॉब केला. तो पहिल्याच फटक्यात तयार झाला.

बाहेर दशरथभाऊंनी विचारलं, "झालं का गं?"

तिला तो शब्द उच्चारता येईना. नुसती मान हलवून ती पुढे गेली. पायरीवर अंबाबाई नव्हती. फाटकाबाहेर पोशाच्या मागून चालताना ती कनवटीवर हात ठेवून सारखी मागे वळून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सवा अकराला तीन गैरहजर मुलींच्या घरी तीन मेसेज गेले. अंबाबाईचा फोन वाजला नाही. ती बागेत तशीच उभी राहिली, साडेअकरा झाले, बारा झाले, मग खाली बसून खुरपायला लागली. हे आम्हाला नंतर कळलं. तीन दिवसांनी ती दोघं भट्टीवर गेली.

पण त्याच सवा अकराला रोहिणीचाही फोन वाजला होता. नाव शाळेचंच.

"आपली आई अंबाबाई आज आलेली नाही."

ती कोठीत धावली. यादीत एकच जॉब होता आणि पाठवलेले मेसेज तीनच. दुसऱ्या दिवशीही तिला तोच मेसेज आला. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा रात्री जेवताना ती ताटावरच रडायला लागली आणि अंथरुणात शिरल्यावर तिनं मला सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी ती गेली. शाळेत सांगितलं बँकेत जाते, आणि डोंगराकडची टमटम धरली. अकराला ऐनाखाली जाऊन बसली. त्या दिवशी मेसेज आला नाही.

तेव्हापासून ती रोज जाते, शाळेत काही ना काही सबब सांगून. मी एकदा विचारलं, "तिथे काही दिसतं का गं?"

"नाही."

"मग तू काय करतेस?"

"बसते." मग म्हणाली, "मला पारूला सांगायचं असतं गं. की माझ्यामुळे... पण तोंडच उघडत नाही. आणि मला वाटतं, तिला दुसरं काही नकोय. मी बोलायची वाट बघत ती बसते."

"मग अंबाबाईला तरी सांग. भट्टीवर जाऊ आपण दोघी."

"जाऊ," ती म्हणाली. "उद्या बघू."

दीड महिना झाला. आम्ही गेलो नाही.

काल रात्री तिला ताप भरला. सकाळी उठून साडी नेसायला लागली, तर आईनं तिला रागावून परत झोपवलं. "रविवारचं कुटं चाललीस तरफडत?" ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून राहिली.

आणि आत्ता, मी हे लिहीत असतानाच, माझ्या शेजारी ठेवलेला आईचा फोन वाजला. शाळेला कुलूप आहे. सवा अकरा झालेत.

"आपली मुलगी रोहिणी आज आलेली नाही."

हा मेसेज आईला दाखवायचा की पुसून टाकायचा, ते मला ठरवता येईना. तेवढ्यात आईनंच अंगणातून हाक मारली.

"संजे! अगं फाटकापाशी कोन पोरगी उभी हाय बघ. कवाची उभी हाय. तुमच्या शाळंचा ड्रेस हाय अंगावर. आत ये म्हनलं तर येत नाय, नुसती खिडकीकडं बघतेय. रोहिणीकडं आली असंल. उठव गं तिला..."

मी आले म्हणून सांगितलंय. पण आत खाट वाजली. ताई उठलीय, पदर सावरत दाराकडे येतेय, आणि तिचे ओठ बोलायला उघडताहेत.