धुडकूने हात खाली केले

हे घडलंय. लिहायला मी उशिरा शिकलो, सजवून सांगता येत नाही. पटत नसेल त्याने सुरतेत नवागामला यावं आणि माझ्या बायकोला, सुंदराला, विचारावं. ती खोटं बोलत नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.

यंदाच्या महाशिवरात्रीची दुपार. तापीकाठचं महादेवाचं जुनं देऊळ. सगळं दगडी. सभामंडपाच्या प्रत्येक खांबावर एक बुटका माणूस कोरलेला... दोन्ही हात वर, छत तोलून धरलेला. लोक लांबून ते पाहायला येतात. शिवरात्रीला तर तुपाची कमळं पाहायला अख्खं सुरत शहर लोटतं. नुसत्या तुपाची, ताटाएवढी.

आम्ही दोघं रांगेत होतो. मुलगा योगराज आला नव्हता. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात त्याची दिवसपाळी होती. माझीही उमर तिथेच गेली.

लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलायचो. पंजा आडवा फिरवला, की मशीन बंद कर. दोन बोटं दाराकडे, की बाहेर चल. दोन्ही हात झटकून समोरच्याकडे बोट केलं, की माझी पाळी संपली, आता तू उभा राहा.

हे मला धुडकूने शिकवलं. शेजारच्या लूमवर असायचा. काविळीने गेला. मी खांदा दिला होता.

मंडपात ढोल चालू होते.

आणि ढोल थांबले...

म्हणजे थांबले नव्हते. काठी ढोलावर पडताना दिसत होती. आवाज नव्हता.

घंटेचा नाही. माणसांचा नाही.

माझे कान तसेही लूमने खाल्लेत. पण हे तसं नव्हतं.

समोरच्या खांबापाशी एक जण उभा होता. दोन्ही हात वर... दगडी माणसासारखे.

धुडकू.

त्याचे दंड थरथरत होते. ओझ्याने थरथरतात तसे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात खाली केले.

पंजा आडवा फिरवला.

मग दोन बोटं... दाराकडे.

"काय व्हयनं तुम्हले?" सुंदराने कोपर मारलं. "देव तिकडे शे. खांबले काय पाया पडतस?"

आवाज एकदम परत आला. खांबापाशी कोणी नव्हतं.

योगराजला फोन लावला. घंटी वाजत राहिली. परत लावला. तेच.

दर्शन न घेताच मी सुंदराला रांगेतून ओढलं. "कमळ तरी दखू द्या," ती म्हणत होती. रिक्षात माझा चेहरा पाहिला आणि कमळाचं नाव सोडलं.

कारखान्यापुढे गर्दी होती. छताचा मोठा तुकडा कोसळला होता.

योगराजच्या लूमवर.

तो बाहेर ओट्यावर बसलेला. धुळीने पांढरा. अंगावर ओरखडा नाही. सुंदरा त्याला धरून रडायला लागली. तो मात्र माझ्याकडेच बघत होता.

"बाबा, तुम्ही मला बाहेर काढून कुठे गेले?"

"मी देवळात होतो. तुझ्या आईसोबत."

"मस्करी नका करू. तुम्हीच हाताने सांगितलं ना... मशीन बंद कर, बाहेर चल. मी दारात पोचलो अन् मागे छत पडलं."

"मी नव्हतो रे."

"हाच शर्ट होता." त्याने माझ्या बाहीला हात लावला. मग हळू आवाजात म्हणाला, "आधी माझ्या लूमपाशी हात वर करून का उभे होते, तेवढं सांगा."



घरी आल्यावर सुंदराला सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

दिसेनासा व्हायच्या आधी धुडकूने आणखी एक खूण केली होती.

दोन्ही हात झटकले... आणि माझ्याकडे बोट केलं.

तेव्हापासून रोज सकाळी उठतो तेव्हा माझे दोन्ही दंड भरून आलेले असतात.