दोन आखूड, एक लांब

उन्हाने नागभीड स्टेशनासमोरचा रस्ता पांढरा पडला होता. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या जुन्या नॅरोगेज इंजिनाची तेवढी सावली... त्या सावलीत सरिता बसची वाट पाहत होती, तोंडाला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे उघडे.

"मॅडम, जरा टेपचं टोक धरता का?"

चाकामागून एक पोरगा वर आला. नाकावर गंज, कानावर पेन्सिल.

"काऊन? इंजिनले शर्ट शिवून राह्यले का?"

तो हसला... आणि टोक तिच्या हातात देऊन मोकळा झाला.

संघपाल त्याचं नाव, चंद्रपूरचा. विलायतेत बनलेली जुनी वाफेची इंजिनं तो कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी करायचा. कुठकुठले लोक खेळात ती चालवायचे. हे इंजिनही इंग्रजांच्या कारखान्यातलं, पण याचे नकाशे मिळत नव्हते, म्हणून तो मापं घेत होता. सरिताने सांगितलं, तिचे आजोबा सोमाजी याच इंजिनात कोळसा टाकायचे.

त्या दिवशी तिची बस चुकली. पुढच्या रविवारी तिने ती मुद्दाम चुकवली.

असे रविवार होत गेले. याची शिटी कशी वाजायची, हे सांगणारं कुणी उरलं नाही, असं तो एकदा म्हणाला. तेव्हा सरिताने तळवे जुळवले आणि अंगठ्यांच्या फटीत फुंकर मारली — दोन आखूड, एक लांब. नागभीड जवळ आलं की आजोबा ड्रायव्हरला सांगून अशी शिटी द्यायला लावत. ती ऐकून आजी चुलीवर भात मांडायची.

"परत वाजव," मोबाइल पुढे धरून संघपाल म्हणाला.

"रेकॉर्ड नाई झालं का?"

"झालं. परत वाजव."

तिचे कान तापले... उन्हानेच असणार.

पण काम पुरं झालं असं तो कधी म्हणायचाच नाही. चाकं झाली की पत्रे जोडणारे रिवेट, रिवेट झाले की गंजाचा रंग. हे इंजिन पुरं करायचं, तिच्या बाबांना दाखवायचं आणि मगच तिला मागायचं, असं त्याने ठरवलं होतं. बाबांच्या लेखी खेळ बनवणं म्हणजे रिकामा धंदा. आपल्या बापाचं इंजिन त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तर कदाचित...

धान कापणीला आलं तेव्हा ती म्हणाली, "पोंभुर्ण्याहून पाहुणे येऊन राह्यले. धान निघालं की पक्कं करतील. तू ये ना."

"येतो. पायरीजवळचे रिवेट राह्यले फक्त."

"रिवेट कोण पाहते रे?"

"तुझे बाबा पाहतील."

"अर्धंच घेऊन ये, संघपाल."

अर्धं काम कुणाला दाखवणं त्याला जमतच नव्हतं.

तो आला तेव्हा अंगणातले पाहुण्यांचे रिकामे कप उचलायचे राहिले होते. सरिताच्या बोटात अंगठी होती. बाबांनी त्याला आपुलकीने बसवलं, चहा सांगितला. सरिताच्या हातून कप घेताना तो हळूच म्हणाला, "झालं पुरं." तिने मान हलवली. पाठीवरची लॅपटॉपची बॅग त्याने उघडलीच नाही.

आता सरिता एटापल्लीला असते. नवरा दिनेश शाळेत शिक्षक, मायेचा माणूस. बायकोचे आजोबा नॅरोगेजवर होते म्हणून त्याने हौसेने लेकीसाठी नागभीडच्या इंजिनाचा खेळ शोधून आणला. निशा खुर्चीवर गुडघे टेकून इंजिन चालवत होती, सरिता मागे उभी होती. पायरीजवळचे रिवेट... एकही चुकला नव्हता.

वाटभर शिटी साधीच वाजली. नागभीड जवळ आलं तशी मात्र — दोन आखूड, एक लांब. आणि शेवटी, अगदी बारीक, कुणीतरी दम घेतल्याचा आवाज. रिवेटसाठी जीव टाकणाऱ्या माणसाने तेवढा एक आवाज पुसला नव्हता.

"आई, हे इंजिन दम घेते," निशा म्हणाली.

दुपारची जेवणं मघाच झाली होती. तरी सरिता आत गेली, तांदूळ धुतले आणि भात मांडला.