मुठीतले सात केस

“आई गं! टक्कल करतेस का माझं?” धाकटा किंचाळला.

थोरलीने त्याच्या डोक्यातून उपटलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवला आणि वर भिंग धरलं. केसाच्या बुडाशी बारीकसा पांढरा कंद होता.

“हं. आता हा फोटो बघ.”

फोटो वकीलकाकांनी आईला दिलेल्या अहवालातला होता. बाबा ज्या छापखान्यात पुस्तकं बांधायचे, तिथल्या मालकीणबाईंचा कुणीतरी गळा आवळला होता. फोटोतले हे सात केस त्यांच्या मुठीत सापडले. डीएनए बाबांशी जुळला आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पोलीस बाबांना घेऊन गेले. तेव्हापासून रोज कुणीतरी दारावर कोळशाने ‘खुनी’ लिहीत होतं. आई पुसायची; दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

“दोन्ही टोकं सपाट!” मागच्या खिडकीतून भोंगा ओरडली. ही शेजारची मैत्रीण. ‘खुन्याच्या पोरांशी बोललीस तर तंगडं मोडीन,’ असा दम तिच्या आईने भरला होता.

“हळू बोल, भोंगे!” थोरली म्हणाली. “हे केस झटापटीत उपटलेले नाहीत. कापलेले आहेत. कुणीतरी ते मुठीत कोंबलेत!”

तिघं धावत सुटली ती थेट केशकर्तनालयात.

“तुमचे बाबा ना? खून झाला त्याच दिवशी सकाळी आले होते,” न्हावीकाका म्हणाले. “ते गेले आणि मालकीणबाईंचा भाचा आला. गुलाबांना खत हवंय म्हणाला. खुर्चीखालचे केस पिशवीत भरून घेऊन गेला.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“मला विचारलं कुणी?”

पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर खो खो हसले. “डीएनए खोटं बोलत नाही, पोरांनो. तुमचा बाप बोलतो!”

थोरलीचे कान तापले, पण तिने अहवाल टेबलावर आपटला. “यातच लिहिलंय, मूळ नसलेल्या केसातून फक्त आईकडून आलेला डीएनए मिळाला. तो आमच्या आत्याचाही तसाच असणार. मग आत्यालाही पकडा! आणि बाईंनी कुणाला तरी ओरबाडलं असेल ना? त्यांच्या नखांचं काय?”

“नखांचा नमुना असेल पाकिटात. केस जुळल्यावर कशाला तपासायचा?”

“म्हणजे तपासलाच नाही?” भोंगाचा आवाज सगळ्या ठाण्यात घुमला. आतल्या खोलीतून मोठ्या अधिकारीबाई बाहेर आल्या. “काय तपासलं नाही?” त्यांनी विचारलं.

आठवड्याभरात निकाल आला. नखांखाली भाच्याची कातडी होती. बंद गळ्याच्या शर्टाखाली त्याने ओरखडे लपवले होते. छापखाना त्याला हवा होता. “‘सोड रे बाळा’ म्हणत होती,” पकडल्यावर तो जांभई देत म्हणाला. “लवकर मरेचना.”

बाबा घरी आले. उजव्या हाताला प्लास्टर होतं. “कबूल कर म्हणत होते,” एवढंच ते आईला म्हणाले.

दारात गर्दी जमली. “आम्हाला आधीपासून खात्री होती हो!” भोंगाची आई म्हणाली. अधिकारीबाईंनी तिघांची पाठ थोपटली. “तुम्ही पाहिलंत ते आम्ही पाहायला हवं होतं. शाब्बास!”

“वा, गुप्तहेर!” इन्स्पेक्टरही पुढे झाले.

थोरली मागे सरकली. “बाबांची बोटं कुणी मोडली, ते कधी तपासणार?”

अधिकारीबाईंनी खिशातून वही काढली. “नाव सांगा,” त्या बाबांना म्हणाल्या. “मी लिहून घेते.”

बाबांनी प्लास्टरचा हात उचलला आणि इन्स्पेक्टरांकडे केला.