सातव्या ओळीतले पाहुणे

साहेबलोकांना हौस आली की नोकरांच्या पायाला भिंगरी लागते. परळच्या गिरणीत चार वर्षं काढलेल्या गॅब्रिएलला हे कुणी शिकवायला नको होतं. १८९४ सालचा ऑक्टोबर सरत आला आणि विणकाम खात्याच्या मॅकरे साहेबाला आपल्या स्कॉटलंडातला सण आठवला. सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. तिकडे तिला हॅलोवीन म्हणतात. कंद कोरून त्यात दिवे लावतात, भुतांची सोंगं घेतात आणि पोट धरून हसतात. भुतांना हसायची हिंमत थंड मुलखातच होत असावी.

बेत ठरला तो असा. बुधवारी दिवस मावळला की गिरणीमागच्या सहाही बंगल्यांतल्या साहेब-मडमांनी मॅकरेच्या बागेत जमायचं. पोरंबाळं घरी, सांभाळणाऱ्या आयांकडे ठेवायची. मोठ्यांसाठी आंब्याखाली टेबलं, आणि टेबलांवर कॉकटेल. ही जबाबदारी बटलर म्हणून गॅब्रिएलची. आगबोटीवरच्या बारमध्ये त्याने उमेदीची सहा वर्षं घालवली होती. जिन, लिंबू, बर्फ आणि कडू अर्काचे मोजून दोन थेंब यांचं गणित त्याच्या हातात बसलं होतं. कंदांऐवजी त्याने लाल भोपळे आणवले. टबात सफरचंदं सोडून ती दातांनी पकडायचा खेळ होता, त्यासाठी पेरू चालतील का हे पाहायला दोन पेरू बादलीत टाकून पाहिले. एक बुडाला, एक तरंगला.

एवढी धडपड तो साहेबाच्या प्रेमाखातर करत नव्हता. माहीमला त्याची बायको फ्लॉरेन्स नवव्या महिन्यात होती. याआधीची दोन बाळं गेली. एक तीन दिवस जगलं, दुसरं रडलंच नाही. या खेपेला आपण घरी असायचं, देवळात क्रूसापुढे मेणबत्ती लावून त्याने शपथ घेतली होती. साहेबाने शब्द दिला होता: पार्टी नीट पार पडली की दुसऱ्या दिवसापासून महिनाभर रजा. गॅब्रिएलचा सगळा जीव त्या रजेत अडकला होता.

आमंत्रणाची रीत बंगल्यांत ठरलेली होती. एका वहीत घरांचे नंबर एकाखाली एक लिहायचे. शिपायाने वही घरोघर फिरवायची, ज्याने त्याने आपल्या ओळीपुढे ‘येऊ’ म्हणून सही करायची. शनिवारी गॅब्रिएलने सहा ओळी लिहून वही धर्माकडे दिली. धर्मा वरळीचा कोळी. वडलांशी भांडून होडी सोडली आणि गिरणीत शिपाई झाला. माणूस सरळ, दारूच्या थेंबाला न शिवणारा.

दुपारी वही परत आली. तिच्यात सात ओळी होत्या.

सातवी ओळ इंग्रजीत होती. ‘नंबर सात. येऊ. दोघं.’ खाली सही नव्हती. अक्षर पाहून गॅब्रिएलच्या कपाळाला आठी पडली, कारण ते थेट त्याच्या स्वतःच्या अक्षरासारखं होतं.

“धर्मा, हे कुणी लिहिलं?”

“सात नंबरच्या बायनं. तू वहीत लिवून दिलंस तिकडं मी गेलो.”

“सात नंबर आहे कुठं?”

“सहाच्या पल्याड. बाय ओसरीवर बसली होती, पाय सुजलेले. आत चूल पेटलेली. साहेबाच्या घरात चूल बघून मलापण नवल वाटलं, पण आपण कशाला विचारा?”

दोघं तसेच उठून गेले. सहाव्या बंगल्याच्या पलीकडे गिरणीच्या तलावाची दगडी भिंत होती, भिंतीवर शेवाळ, आणि पलीकडे हिरवं पाणी. धर्मा भिंतीवर हात फिरवत उभा राहिला. “इथंच होता रे, गॅब्रिएलदादा,” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका गोंधळलेला होता की गॅब्रिएलला त्याच्यावर ओरडवेना. ऊन लागलं असेल पोराला, असं म्हणून त्याने विषय मिटवला.

मॅकरे साहेब मात्र विषय मिटवणारा नव्हता. “ये सात नंबर किधर है?” त्याने वहीवर बोट आपटलं. “अक्षर तुम्हारा है. मजाक हम नहीं मांगता. लिस्ट साफ करो, नहीं तो छुट्टी नहीं.”

रविवारी गॅब्रिएल घरी गेला. जाताना बाजारातून ओवा घेतला. बाळंतिणीला लागेल म्हणून फ्लॉरेन्सच्या मावशीने, ॲन्टोनेटने, सांगून ठेवला होता. फ्लॉरेन्स हसतखेळत होती. तिने त्याचा हात पोटावर ठेवला, तर आतून अशी लाथ बसली की गॅब्रिएलने हात मागे घेतला. वहीची गोष्ट त्याने काढली नाही. गरोदर बाईपुढे नसत्या गोष्टी कशाला?

सोमवारी त्याने नवं पान घेतलं. सहा ओळी लिहिल्या, सहावीखाली पट्टीने जाड रेघ मारली आणि धर्माबरोबर स्वतः निघाला. प्रत्येक दारात उभं राहून प्रत्येक सही त्याने डोळ्यांनी पाहिली. सहा घरं, सहा सह्या. वही मिटून काखेत मारली आणि थेट साहेबापुढे नेऊन उघडली.

रेघेखाली सातवी ओळ होती.

या खेपेला लिपी इंग्रजी, पण बोली माहीमची, घरातली. साहेबाला एक शब्द कळेना. “क्या लिखा है? पढो.”

गॅब्रिएलने मनात वाचलं. ‘दोघं येऊ. बायला बर्फ सोसत नाय. गरम पाणी ठेवा, जुनं मऊ फडकं ठेवा. ओवा घरात हाय.’

“साहेब, हिशेब आहे माझा,” तो खोटं बोलला. “सामानाचा.” साहेबाने पान टरकावून फेकलं, आणि गॅब्रिएलने नव्या पानावर त्याच सहा ओळी आणि खालची रेघ पुन्हा उतरवली.

मंगळवार गेला कुठे ते त्याला कळलंच नाही. भोपळे कोरताना त्याने एकाला तीन डोळे पाडले. लिंबं दोनदा धुतली. आपणच झोपेत लिहितो आहोत का? मग धर्माने पाहिलेली बाई कोण? धर्मानेच लिहिलं म्हणावं, तर ओव्याचं त्याला कुणी सांगितलं होतं? कुठल्याही बाजूने विचार केला तरी एक टोक मोकळंच राहत होतं. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं, याचाच जास्त राग येत होता.

बुधवारी सकाळी बर्फ आला. भुशात आणि गोणपाटात गुंडाळून तो गुदामात ठेवला, राखणीला धर्माला बसवलं. मग गॅब्रिएल साहेबापुढे उभा राहिला.

“दोन तास घरी जाऊन येतो. एक नजर बघतो आणि येतो.”

“चार बजे इधर,” साहेब म्हणाला. “नहीं तो मत आना.”

वही त्याने मागे ठेवली नाही. सुतळीने चारही बाजूंनी बांधली, दोन गाठी मारल्या आणि कोटाच्या आत छातीशी धरून दादरच्या माडांतून चालत निघाला. माहीमची वाडी दिसेपर्यंत त्याने हात छातीवरून काढला नाही.

फ्लॉरेन्स पायरीवर तांदूळ निवडत बसली होती.

धडधाकट. नाकावर घामाचे थेंब, केसांत अबोलीची वेणी. गॅब्रिएलला इतकं हायसं वाटलं की तो भर दुपारी, भर वाडीत मोठ्याने हसला.

“काय झालं हसायला?” ती म्हणाली. “आणि आता आलास तर मघाशी धर्माला कशाला पाठवलंस?”

“कुठला धर्मा?”

“तुझा शिपाई. आताच गेला, तुला वाटेत भेटला असेल. वही घेऊन आला होता. म्हणाला, संध्याकाळच्या जेवणाला दोघांना बोलावलंय, दोघांची निशाणी पायजे.”

धर्मा गुदामात बर्फावर बसला होता. गॅब्रिएलने स्वतः बाहेरून कडी घातली होती.

“तू काय केलंस?”

“मला कुठं लिवता येतं? क्रूस काढला.” तिने शाईचं बोट दाखवलं. “बरं झालं, वही येऊन गेली. हा मेला रात्रभर लाथा मारत होता, झोप नाय लागू दिली. मघापासून कसा शहाण्यासारखा गप निजलाय.”

गॅब्रिएलने तिच्या पोटावर हात ठेवला. ठेवून वाट पाहिली.

“निजू दे ना त्याला,” ती म्हणाली.

त्याने कोटातून वही काढली. दोन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. सुतळी सुटेना, दातांनी तोडली.

सहा ओळी. रेघ. रेघेखाली फ्लॉरेन्सचा वाकडा क्रूस.

क्रूसाच्या शेजारी एक अंगठा उमटला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या रेषासुद्धा स्पष्ट दिसत होत्या, आणि शाई अजून ओली होती.